प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि आपण

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात प्राध्यापक संघटनेच्या कार्यकर्त्यांतर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत पेन्शन आहे, रिक्त जागा आहेत, कंत्राटीकरण आहे. या रांगेत प्राध्यापकांचे प्रशिक्षण हा विषय कोठून आला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आम्हांला बोलावणाऱ्या मित्रांनी त्याचे कारण फोनवरच सांगितले होते. ते म्हणाले, आमच्या लोकांची मुले आता महाविद्यालयात आहेत. घरात कोणी यापूर्वी कॉलेजची पायरी चढलेले नाही. मुले सकाळी जातात, दुपारी परत येतात, आणि वर्गात काय झाले असे विचारले तर म्हणतात, सरांनी लिहून दिले. फी आपण भरतो, ओव्हरटाइम करून भरतो, तेव्हा तेथे काय चालते हे आपल्याला कळायला नको का? हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आम्ही आलो.

रिफ्रेशर हा शब्द आपल्याला आमच्याहून अधिक परिचयाचा आहे. स्टेशन मास्तर, गार्ड, ड्रायव्हर (आता त्यांना ट्रेन मॅनेजर आणि लोको पायलट म्हणतात, काम तेच आहे) ठराविक वर्षांनी भुसावळसारख्या प्रशिक्षण केंद्रात जातात. तेथे मॉडेल रूम असते, लहान रूळ, सिग्नल, ब्लॉक यंत्रे असतात, आणि हाताने करून दाखवल्याशिवाय सुटका नसते. टपाल खात्यातील मंडळी बडोद्याच्या केंद्रात जाऊन येतात. सॉर्टिंग केससमोर उभे राहून कोणते पत्र कोणत्या खणात हे ज्याने केले आहे, त्याला ठाऊक आहे की पुस्तकात वाचलेले आणि हाताला बसलेले यांत किती अंतर असते. नियमांचे पुस्तक पाठ आहे एवढ्यावर कोणी माणसाला ब्लॉक यंत्रावर बसवीत नाही.

महाविद्यालयात मात्र नेमके तेच होते. शाळेच्या शिक्षकाला डी.एड., बी.एड. लागते. प्राध्यापकाला पदव्युत्तर पदवी लागते, नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते, पण शिकविण्याचे प्रशिक्षण लागत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण तेही दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडून सोडवावयाचे. आज परीक्षा दिली, उद्या नेमणूक झाली, परवा समोर शंभर-सव्वाशे मुले. मग तो तरुण काय करतो? त्याला ज्यांनी शिकवले त्यांच्यासारखे करतो. त्याच्या प्राध्यापकांनी वही वाचून दाखवली असेल तर तोही वही वाचून दाखवतो. वही मात्र नवी असते.

ही उणीव सरकारच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिचा स्पष्ट उल्लेख झाला आणि १९८७ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज नावाची केंद्रे सुरू केली. पहिल्या खेपेस देशातील ४८ विद्यापीठांना ती मंजूर झाली. आपल्याकडे पुणे, नागपूर, औरंगाबाद येथील केंद्रांतून हजारो प्राध्यापक गेले. इंदूरला केंद्र आहे, तेथील मराठी मंडळींना ते माहीत असेल. नवीन प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, म्हणजे २४ दिवस, रोज सहा तास, एकूण १४४ तास. आणि नोकरीत असलेल्यांसाठी विषयवार उजळणी वर्ग, तीन आठवड्यांचा, १०८ तासांचा असे. नावे पुढे बदलली. २०१५ मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र म्हणू लागले, आणि २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र म्हणतात. पाटी बदलणे हे सरकारी कामांपैकी सर्वांत सोपे काम असते.

१९८७ हे साल आमच्या चळवळीतही महत्त्वाचे आहे, आणि हा योगायोग नव्हे. त्याच वर्षी अखिल भारतीय प्राध्यापक महासंघाच्या हाकेवर देशभर मोठा संप झाला. केंद्राने जून १९८७ मध्ये जी वेतनश्रेणी जाहीर केली तीत अधिव्याख्यात्याला २२००–४०००, आणि आठ वर्षांनंतर ३०००–५००० ही वरिष्ठ श्रेणी होती. पण वरिष्ठ श्रेणीसाठी अट होती: सुमारे चार-चार आठवड्यांचे दोन उजळणी वर्ग पूर्ण केलेले असले पाहिजेत. म्हणजे प्रशिक्षण आणि बढती यांची गाठ त्या वेळी मारली गेली ती आजपर्यंत सुटलेली नाही. या गाठीचे बरे आणि वाईट दोन्ही आम्ही पुढे सांगू.

आधी या वर्गांत होते काय, ते सांगतो. कारण चांगला वर्ग ज्याने केला त्याचे शिकविणे बदलते, हे आम्ही सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि वाईट वर्ग केला तर प्रमाणपत्र मिळते, हेही पाहिले आहे.

वाईट वर्ग ओळखणे सोपे असते. सकाळी दहाला एक पाहुणे येतात आणि व्याख्यान देण्याची पद्धत कशी कालबाह्य झाली आहे यावर दीड तास व्याख्यान देतात. चहा होतो. दुसरे पाहुणे येतात. शेवटच्या रांगेत उत्तरपत्रिका तपासल्या जातात.

चांगल्या वर्गात प्राध्यापकाला उभे करतात. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर पाच-सात सहकारी विद्यार्थी म्हणून, आणि एका वेळी एकच कौशल्य: फक्त प्रश्न विचारणे, फक्त उदाहरण देणे, फक्त फळा वापरणे. पाठ झाला की सहकारी सांगतात काय जमले, काय नाही. मग तोच पाठ पुन्हा. याला सूक्ष्म अध्यापन म्हणतात. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि आपल्याकडे बडोद्याच्या विद्यापीठाने तिच्यावर बरेच काम केले. बडोदे म्हणजे रेल्वे अधिकाऱ्यांच्या आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचेच गाव. एका गावात तीन प्रकारची माणसे तेच शिकत होती आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता, असे म्हणायला हरकत नाही.

या पाच मिनिटांत माणसाला स्वतःच्या सवयी दिसतात. एक सवय जवळजवळ प्रत्येकात सापडते. प्राध्यापक प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देतो. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांतील विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजले, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभर थांबतात. हेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांब येतात, अधिक मुले बोलतात, आणि जी मुले मंद समजली जात होती तीही बोलू लागतात. तीन सेकंद. याला निधी लागत नाही, इमारत लागत नाही. पण तीन सेकंद गप्प राहून सव्वाशे मुलांकडे पाहात उभे राहावयास शिकावे लागते, आणि ते कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावे लागते.

आता एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो, कारण ते आपल्या घरातले आहे. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुले त्यांच्या शिकविण्यावर खूष असत, परीक्षेत अवघड गणिते सोडवीत. मग त्यांनी मुलांना साध्या शब्दांतले, आकडेमोड नसलेले काही प्रश्न घातले. तेव्हा एका मुलीने विचारले की उत्तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला जसे वाटते तसे लिहू? मझूर चमकले. मुलांनी नियम पाठ केले होते, पण जग ती जुन्याच डोळ्यांनी पाहात होती. १९९१ पासून त्यांनी पद्धत बदलली. थोडे सांगायचे, मग एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपापले उत्तर हात वर करून किंवा कार्ड दाखवून नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे वाद घालायचा, मग पुन्हा मत द्यायचे, आणि शेवटी प्राध्यापकाने उलगडा करायचा.

ही पद्धत प्राध्यापकांना दाखविताना आम्ही रेल्वेचा प्रश्न घेतो. गाडी स्टेशनातून सुटते आहे, वेग वाढतो आहे. कपलिंगपाशी इंजिन डब्यांना पुढे ओढते तो जोर, आणि डबे इंजिनाला मागे ओढतात तो जोर, यांत मोठा कोणता? आपणही मनात उत्तर धरा. बहुतेक हात इंजिनाच्या बाजूने वर होतात, कारण गाडी पुढे जाते आहे ना! न्यूटनचा तिसरा नियम सर्वांना पाठ असतो, पण हात इंजिनाकडेच जातात. मग शेजाऱ्याशी वाद सुरू होतो. कोणीतरी म्हणतो, नियमाप्रमाणे दोन्ही जोर सारखे. दुसरा विचारतो, सारखे असतील तर गाडी हलते कशी? या प्रश्नापाशी वर्ग खरा जागा होतो.

उत्तर असे की कपलिंगमधले दोन्ही जोर सारखेच असतात, पण एक डब्यांवर लागतो आणि दुसरा इंजिनावर. इंजिन पुढे जाते ते रुळामुळे. चाक रुळाला मागे ढकलते, रूळ चाकाला पुढे ढकलतो, आणि रुळाचा हा रेटा डब्यांच्या ओढीहून मोठा असतो म्हणून इंजिन पुढे सरकते आणि डबे त्याच्यामागे येतात. रात्रीच्या महाविद्यालयात हा प्रश्न टाकला तेव्हा लोको शेडमध्ये काम करणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, सर, म्हणूनच पावसाळ्यात घाटात चाक घसरू लागले की ड्रायव्हर रेती सोडतो. वर्षानुवर्षे वर्गात मागे बसणारा तो मुलगा होता. ज्या गोष्टीवर पुस्तकात घर्षण नावाचे प्रकरण आहे ती त्याला रोजच्या कामातून ठाऊक होती, पण त्याला तोपर्यंत कोणी विचारले नव्हते.

हे फक्त विज्ञानातच जमते असे नाही. अर्थशास्त्राच्या एका सहकारी भगिनी उजळणी वर्गातून परत आल्यावर महागाई हा धडा वेगळ्या रीतीने घेऊ लागल्या. व्याख्या सांगण्याआधी त्या मुलांना घरून पगारपत्रक आणावयास सांगतात. ज्यांच्या घरी केंद्र सरकारची नोकरी आहे त्यांच्या पत्रकात महागाई भत्ता असतो. तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून ठरतो, तो निर्देशांक केंद्राचा श्रम ब्युरो काढतो, आणि २०२० पासून त्याचे पायाभूत वर्ष २०१६ आहे. मग मुले विचारतात की डाळ इतकी महागली तर निर्देशांक इतकाच का चढला? कोणत्या वस्तूला किती भार दिला आहे? घरभाडे कसे मोजतात? आणि ज्यांच्या घरी पगारपत्रकच नाही, वडील नाक्यावरचे मजूर आहेत, त्यांची महागाई कोण भरून देतो? हा शेवटचा प्रश्न एका मुलानेच विचारला होता. त्यावर पूर्ण तास गेला आणि अभ्यासक्रमाची चार पाने मागे पडली. आमच्या मते सौदा वाईट झाला नाही.

आता बढतीच्या गाठीविषयी. आमच्यातील काहींचे म्हणणे असते की प्रशिक्षण सक्तीचे करणे हा प्राध्यापकाचा अपमान आहे. पीएच.डी. झालेल्याला कोणी काय शिकवावे? हे म्हणणे आम्हांला पटत नाही. वीस वर्षे गाडी चालवलेला ड्रायव्हर रिफ्रेशरला जातो, त्यात त्याचा अपमान होत नाही. दुसरे काही म्हणतात, आधी पगाराचे बोला, मग प्रशिक्षणाचे. या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची गरजच नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन केले त्यात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना चांगला पगार असावा, या दोन्ही मागण्या शेजारी शेजारी आहेत.

बढतीशी गाठ मारल्यामुळे एक फायदा झाला हे मान्य केले पाहिजे. अट नसती तर संस्थाचालकांनी चार आठवडे कोणालाही सोडले नसते. कर्तव्य रजा मिळाली ती या अटीमुळे. पण त्याच अटीने प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही करून टाकले. बढतीची तारीख जवळ आली की धावपळ, जो विषय मिळेल तो वर्ग, जेथे जागा असेल ते गाव. मराठीचे प्राध्यापक पर्यावरणाच्या वर्गाला बसलेले आम्ही पाहिले आहेत. पर्यावरण वाईट नाही, पण सोमवारी वर्गात जाऊन कविता कशी शिकवायची हा त्यांचा प्रश्न तसाच राहतो. पुढे वर्गांचे दिवस कमी होत गेले, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर बरेच वर्ग पडद्यावर गेले. पडद्यावरच्या वर्गाने खर्च वाचतो, घर सोडावे लागत नाही, स्त्री-प्राध्यापकांची सोय होते, हे सर्व खरे. पण सूक्ष्म अध्यापन पडद्यावर नीट होत नाही, आणि रात्री वसतिगृहात रसायनशास्त्राचा माणूस इतिहासाच्या माणसाशी तास दोन तास जे बोलतो, ते तर मुळीच होत नाही. आमच्या अनुभवाने त्या चार आठवड्यांतील निम्मे शिक्षण तेथेच होत असे.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न निराळाच आहे. आज आपल्या मुलासमोर उभा राहणारा माणूस कोण आहे? महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत तो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक असतो. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. सुटी लागली की पैसे बंद, परीक्षा लागल्या की बंद, आणि मिळायचे ते मानधनही कित्येकदा महिनोन् महिने रखडते. पात्रता तीच, नेट तीच, पीएच.डी. तीच. आपल्याला हे चित्र नवे नाही. रेल्वेतील कॅज्युअल लेबर आपण पाहिले, टपालातील पूर्वीचे ई.डी. आणि आजचे ग्रामीण डाक सेवक आपल्या शेजारीच आहेत.

आता या माणसाने प्रशिक्षणाला जायचे कसे? नियम त्याला सरसकट मज्जाव करीत नाहीत, काही वर्षे शिकविल्यावर परवानगी मिळू शकते. पण त्याला कर्तव्य रजा नाही. तीन आठवडे गेला तर तीन आठवड्यांचे तास बुडाले, तासांबरोबर पैसे बुडाले, आणि परत येईपर्यंत ते तास दुसऱ्याला दिले गेले तर पुढचे वर्षही बुडाले. प्रमाणपत्र आणले तरी त्याला बढती नाही, कारण त्याला पदच नाही. तेव्हा होते असे की ज्याला नोकरीची शाश्वती आहे त्याला प्रशिक्षण मिळते, आणि जो पहिल्या वर्षाच्या सर्वांत गर्दीच्या वर्गावर जातो त्याला मिळत नाही. पहिल्या वर्षाच्या त्याच वर्गात आपली मुले असतात, आणि शिक्षण सोडून जाणारी मुले बहुतेक तेथूनच जातात. गाडी नव्या, न शिकवलेल्या माणसाच्या हाती आणि रिफ्रेशर फक्त जुन्या माणसाला, असे रेल्वेत कोणी केले तर पहिल्या दिवशी चौकशी बसेल.

म्हणून आमच्या संघटनेची मागणी अशी आहे की तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला प्रशिक्षणाच्या दिवसांचे पूर्ण मानधन मिळावे आणि परत आल्यावर त्याचे तास त्याचेच राहावेत. मंजूर पदे भरावीत ही मागणी आहेच, ती यामुळे मागे पडत नाही. दुसरे असे की वर्गाला शिकवणारे साधनव्यक्ती रोज तास घेणाऱ्यांतून यावेत, निवृत्त अधिकाऱ्यांतून नव्हे. तिसरे, वर्ग संपल्यावर सहा महिन्यांनी कोणीतरी त्या प्राध्यापकाच्या तासाला येऊन बसावे, दोष काढण्यासाठी नव्हे तर बोलण्यासाठी. या तिसऱ्या मागणीला आमच्यातच विरोध आहे. तास पाहावयास आलेला माणूस उद्या गोपनीय अहवाल लिहील, अशी भीती आहे, आणि ती अनाठायी नाही. त्यासाठी निरीक्षणाचा कागद प्राचार्यांकडे जाणार नाही असे लेखी ठरले पाहिजे.

कामगारांनी कामगारांना शिकवण्याची एक जुनी व्यवस्था आपल्याकडे आहे, तिची आठवण येथे करून द्यावीशी वाटते. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये स्थापन झाले, त्याचे मुख्यालय नागपूरला. आता त्याला दत्तोपंत ठेंगडींचे नाव दिलेले आहे. त्या मंडळाची पद्धत अशी होती की संघटनेने सुचवलेल्या कामगारांना शिकवण्याचे शिक्षण द्यायचे, आणि त्यांनी आपल्या कारखान्यात, आपल्या डेपोत परत जाऊन सहकाऱ्यांचे वर्ग घ्यायचे. त्या कामगार-शिक्षकांना गटचर्चा घेता येत असे, नाट्यीकरण करता येत असे, तक्त्यावर हिशेब मांडता येत असे. विद्यापीठाच्या प्रशिक्षण केंद्रात असा एखादा अनुभवी कामगार-शिक्षक साधनव्यक्ती म्हणून बोलावला, तर आमच्या पदवीधर मंडळींना त्याच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ निघेल. हे आम्ही एका बैठकीत सुचवले तेव्हा काही जण हसले. आम्ही पुन्हा सुचवणार आहोत.

आपल्याकडून आम्हांला एक मदत हवी आहे. ज्यांची मुले महाविद्यालयात आहेत त्यांनी या सत्रात घरी एवढे विचारावे: आठवड्यात किती तास झाले, त्यांपैकी किती तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांनी घेतले, आणि कोणत्या तासाला मुलाने स्वतः तोंड उघडले. मुलाचे नाव नको, प्राध्यापकाचे नाव तर नकोच, फक्त महाविद्यालय, वर्ग आणि विषय. शाखेच्या कार्यालयात वही ठेवण्याचे आपल्या चिटणीसांनी कबूल केले आहे. दिवाळीच्या सुटीपर्यंत जेवढी नोंद होईल तेवढी आम्ही घेऊन जाऊ, आणि हिवाळी अधिवेशनात शिक्षण खात्याकडे जे शिष्टमंडळ जाईल त्यात आपल्या दोन्ही खात्यांतील एकेक पालक प्रतिनिधी असावा, अशी आमची विनंती आहे. त्यांची नावे आज संध्याकाळपर्यंत द्यावीत.